ऑपरेशनची तारीख आधी की स्टेज?

आधी भाकरी उतरेना, मग भात, शेवटी फक्त चहा-दूध. घरातली मोठी माणसं हे सांगायलाच महिने लावतात. एंडोस्कोपीत गाठ दिसते, बायोप्सीत कॅन्सर निघतो आणि मग सगळ्यांनाच घाई सुटते. माझ्या मामूंना जठराचा कॅन्सर निघाला तेव्हा मीही डॉक्टरांशी हुज्जत घातली होती: ‘गाठ दिसतेय ना, मग काढून टाका. आणखी किती तपासण्या?’

मी चुकत होतो. बायोप्सी कॅन्सर आहे एवढंच सांगते, तो कुठवर गेलाय ते नाही. गाठ भिंतीत किती खोल शिरली (टी), जवळच्या लसिका ग्रंथींत पोचली का (एन), यकृत-फुप्फुसासारख्या लांबच्या अवयवांत गेली का (एम), यावरून स्टेज ठरते आणि स्टेजवरून उपचार. अगदी वरच्या थरातली गाठ काही वेळा दुर्बिणीतूनच काढता येते. खोल गेलेल्या गाठीला बऱ्याचदा आधी केमो देतात, अन्ननलिकेच्या गाठीला केमोसोबत रेडिएशनही, आणि त्यानंतर ऑपरेशन. लांब पसरलेल्या कॅन्सरमध्ये मोठ्या ऑपरेशनचा सहसा उपयोग नसतो, हाल मात्र होतात.

म्हणून छाती-पोटाचा सीटी स्कॅन करतात. अन्ननलिकेसाठी पुढे पेट-सीटी, गरजेप्रमाणे दुर्बिणीतून सोनोग्राफी. जठराची गोष्ट जास्त फसवी. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक दाणे सीटीत अनेकदा दिसतच नाहीत. त्यासाठी छोट्या छिद्रातून कॅमेरा घालून पाहतात, म्हणजे लॅप्रोस्कोपी. मामूंचा सीटी स्वच्छ होता. कॅमेऱ्यात दाणे दिसले. ऑपरेशन रद्द झालं, केमो सुरू झाली. मामू गेले, पण पोट उघडून नुसतंच शिवण्याची वेळ आली नाही, आणि ती ईद त्यांनी घरी, आपल्या माणसांत केली.

तपासण्यांचे हे दिवस वाया जात नाहीत. गिळता येत नसेल तर याच दिवसांत वजन सावरायचं असतं, गरज पडली तर नळीतून अन्न देऊन. घरात फाईल सांभाळायचं काम बहुतेक आपल्याच पिढीकडे येतं. दुसरा सल्ला घ्यायला जाताना रिपोर्टचे व्हॉट्सॲपवरचे फोटो पुरत नाहीत. सीटीची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड-ब्लॉक सोबत न्या. डॉक्टरांना ‘ऑपरेशन कधी?’ विचारण्याआधी ‘टी, एन, एम काय निघालं आणि लॅप्रोस्कोपी लागणार का?’ हे विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते अब्बा-अम्मींपासून लपवू नका. शरीर त्यांचं आहे.