झोपलेली गाडी किती करंट खाते?

दसरा जवळ आला की आपल्या गॅरेजात दोन प्रकारची कामं एकदम वाढतात. नव्या गाडीत म्युझिक सिस्टिम बसवून घेणारे येतात, आणि पावसाळाभर कशीबशी ओढलेली बॅटरी आता सेल्फ उचलत नाही म्हणून ती बदलायला येणारेही येतात. आपण ही दोन कामं वेगळी धरतो. बऱ्याच गावांत ती करणारी माणसंही वेगळी असतात, सिस्टिमवाला एका चौकात आणि बॅटरीवाला दुसऱ्या. गाडीच्या लेखी मात्र हे एकच काम आहे. ते दोन तुकड्यांत होतं म्हणून चांगल्या बॅटऱ्या भंगारात जात आहेत, आणि ही गोष्ट आपल्या धंद्याने आता मनावर घ्यायला हवी.

पुढचा प्रकार तुमच्याकडे कधी ना कधी येऊन गेलेला असणार. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची. रोज गाडी चालते तेव्हा काही तक्रार नाही, पण दोन-तीन दिवस पार्किंगमध्ये उभी राहिली की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् करून गप्प. बॅटरीवाला मीटर लावतो, ११.६ दिसतात, ‘सेल गेला साहेब’ म्हणतो आणि नवी बसवून देतो. एक सेल खरोखर गेला असता तर व्होल्टेज साडेदहाच्या आसपास दिसलं असतं, कारण सहा सेलपैकी प्रत्येकाचा वाटा जवळपास दोन व्होल्टचा. ११.६ याचा अर्थ बॅटरी नुसती उतरली आहे. ती का उतरली हे कोणी पाहिलंच नाही, त्यामुळे काही महिन्यांत नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

डॅशबोर्डच्या मधोमध सिस्टिम ओढून बाहेर काढली, की कपलरमागे काळ्या टेपचा एक गोळा सापडतो. विदर्भातल्या उन्हाळ्याने त्या टेपचा डिंक पातळ होऊन बोटांना चिकटतो. टेप सोडवली की आत लाल आणि पिवळी तार एकमेकींना पिळलेली निघते. पिवळी तार सिस्टिमच्या स्मरणासाठी, तिला चोवीस तास बॅटरीचा करंट हवा. लाल तार किल्लीवर चालली पाहिजे, किल्ली काढली की सिस्टिम झोपली पाहिजे. जुन्या गाड्यांत कपलरमध्येच किल्लीवरची तार मिळायची. आता अनेक गाड्यांत ती नसतेच, किल्ली चालू आहे की बंद हा निरोप कॅनच्या डेटा लाइनवरून येतो. वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन तार शोधतो, सापडत नाही, गिऱ्हाईक घाई करतं, आणि लाल तार पिवळीला जाऊन मिळते. सिस्टिम चालू होते, स्टेशनं लक्षात राहतात, सगळे खूश. सिस्टिम मात्र रात्रभर जागी.

हिशेब करून पाहा. अशी जागी सिस्टिम पाव अँपिअर खात असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत अर्धी रिकामी होते. अँपची निळी-पांढरी रिमोटची तारही त्याच गोळ्यात जोडली असेल तर अँप आपला अर्धा-एक अँपिअर वेगळा ओढतो, आणि मग एका रात्रीतही गाडी बसते. निरोगी गाडी झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत राहते. या आकड्यावर ती दोन आठवडे उभी राहिली तरी चांगली बॅटरी सेल्फ मारते. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती पुन्हा पुन्हा पुरती उतरली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरोखरच खराब होते. बॅटरीवाला तेव्हा खराब म्हणतो ते खरं असतं, पण मारणारा हात टेपच्या त्या गोळ्यात असतो.

आमचं म्हणणं म्हणून एवढंच आहे: झोपलेल्या गाडीचा करंट मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नये, आणि तो मोजल्याशिवाय म्युझिक सिस्टिम बसवलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

मोजायची रीत अवघड नाही, तिला धीर लागतो. बॉनेट उघडं ठेवून दाराचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून घ्यावं, म्हणजे दार बंद आहे असं गाडी समजते आणि आतला दिवा विझतो. किल्ली गाडीपासून लांब ठेवावी. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये घ्यावं. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसले तर घाबरू नका, कंट्रोल युनिट अजून जागी असतात. अर्धा तास थांबा. या वेळात दार उघडलं किंवा किल्ली फिरवली तर मीटरचा फ्यूज उडेल, तेव्हा गिऱ्हाइकालाही आधीच सांगून ठेवा. आकडा खाली आला आणि ३०-४० मिलिअँपिअरवर थांबला तर गाडी निर्दोष. वर अडकला तर फ्यूज उपसत बसण्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांना टेकवत जा. दहा अँपिअरच्या फ्यूजमधून पाव अँपिअर वाहत असेल तर तिथे साधारण दोन मिलिव्होल्ट दिसतात, बाकी फ्यूजवर शून्य. फ्यूज काढून परत लावला की झोपलेली युनिट पुन्हा जागी होतात आणि तुमचा अर्धा तास वाया जातो, म्हणून ही पद्धत बरी. मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प मीटर परवडत असेल तर जरूर घ्या, केबल सोडवण्याचीही गरज उरत नाही.

लाल तारेला किल्लीवरचा करंट कुठून द्यायचा, याला सरळ उत्तर आहे. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कॅन अॅडॅप्टर मिळतो, तो लावावा. तो महाग वाटला तर फ्यूज बॉक्समध्ये किल्लीवर चालणारा फ्यूज शोधून त्यावर फ्यूज टॅप बसवावा. एअरबॅगच्या फ्यूजला आणि पिवळ्या नळीतून जाणाऱ्या तारांना हात लावायचा नाही. कंपनीची वायरिंग कापायची तर अजिबात नाही. कपलरला कपलर जोडणारा हार्नेस मिळत असताना तार सोलून पिळणं हा आळस आहे, आणि वॉरंटी गेल्यावर त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं.

अँपच्या मेन केबलबद्दल थोडं. खोक्यावर हजार वॅट छापलेले असतात, त्यावरून केबल निवडू नका. अँपवरचा फ्यूज बघा. तो २५ अँपिअरचा असेल तर आत जाणारी पॉवर साडेतीनशे वॅटच्या आसपास, स्पीकरपर्यंत पोचणारी त्याहून बरीच कमी. पाच मीटर लांब, ४ स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये ३० अँपिअरला ०.६५ व्होल्ट पडतात. १० स्क्वेअरमध्ये पाव व्होल्ट. स्वस्त केबलवर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असतं, ती तेवढ्याच जाडीत तांब्याच्या दोन-तृतीयांशाइतकाच करंट नीट वाहते. टोक खरवडलं की आतून चंदेरी दिसतं. कोकणच्या खाऱ्या हवेत तिचे जोड फार दिवस टिकत नाहीत.

मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, जमेल तितका जवळ. तो अँपला वाचवण्यासाठी नसतो, केबलला वाचवण्यासाठी असतो. फायरवॉलच्या पत्र्याला भोक पाडून केबल तशीच ओढली, ग्रॉमेट घातलं नाही, तर पत्र्याची धार हादऱ्याने रोज थोडी थोडी आत शिरते. ज्या दिवशी ती तांब्याला लागते त्या दिवशी बॅटरी काही शे अँपिअर त्या एका बिंदूतून ओतते. फ्यूज मागे डिकीत असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही. गाडीत माणसं बसलेली असतात हे भोक पाडताना डोळ्यांसमोर असावं.

अर्थ घ्यायची जागाही आता बदलली आहे. निगेटिव्ह टर्मिनलवर चौकोनी डबीसारखा सेन्सर दिसला तर अँपची अर्थ तार थेट टर्मिनलवर घेऊ नका. तो सेन्सर बॅटरीतून येणारा-जाणारा करंट मोजतो. तार त्याच्या आधी लावली की अँपचा करंट मोजणीत येत नाही, आणि गाडी चुकीच्या आकड्यावर चार्जिंग ठरवते. बॉडीवर रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर लग आवळून अर्थ घ्या. इंजिनच्या आवाजाबरोबर वाढणारी शिट्टी स्पीकरमधून येते तिचं मूळही बहुधा रंगावरच आवळलेल्या अर्थमध्ये सापडतं.

बॅटरी बदलताना निगेटिव्ह आधी सोडायचं आणि शेवटी लावायचं, हे आपल्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांतला शेवटच्या अक्षराचा फरकही ठाऊक आहे, उलटी आली तर केबल पोचत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम होती तर तीच बसवावी, साधी नाही. पण एक जुनी सवय अजून सुटत नाही. गाडी चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची आणि गाडी बंद पडते का यावरून ‘डायनामो’ बघायचा. जुन्या गाड्यांत हे खपून गेलं. आताच्या गाडीत तो अल्टरनेटर आहे, चार्ज करता करता बॅटरी एकदम सुटली तर त्याचं व्होल्टेज क्षणभर अनेक पटींनी उसळू शकतं, आणि त्या क्षणात ईसीएम किंवा नुकतीच बसवलेली सिस्टिम जाऊ शकते. मीटर लावा: गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग बरोबर. स्मार्ट चार्जिंगच्या गाड्यांत आकडा वरखाली होतो, तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून बघा.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. नवी बॅटरी विकली की कमिशन मिळतं, मोजण्यात एक तास गेला तर काय मिळतं? तपासणीची मजुरी वेगळी लावा आणि ती आधी सांगा. डॉक्टरची फी आणि औषधाचे पैसे वेगळे असतात हे गिऱ्हाइकाला समजतं, आपण कधी मागितलेच नाहीत म्हणून ते देत नाही. बिलावर चार आकडे लिहून द्या: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना ते कितीपर्यंत खाली आलं, चार्जिंगचं व्होल्टेज, आणि गाडी झोपल्यावरचा मिलिअँपिअर. पहिला आकडा घेण्याआधी हेडलाइट मिनिटभर लावून विझवा, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. दुसरा साडेनऊच्या खाली गेला आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती बदलायला हरकत नाही. मग जुनी बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे परत करा, भंगारवाल्याच्या हातगाडीवर ॲसिड सांडू देऊ नका.

सिस्टिम बसवणाऱ्यांनी चौथा आकडा काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा घ्यावा. दोन्ही आकडे तारखेसह बॅटरीच्या वॉरंटी कार्डाच्या मागच्या बाजूला लिहावेत, म्हणजे दिवाळीला गावी जाऊन आलेलं गिऱ्हाईक बंद गाडी घेऊन कोणाकडेही गेलं, तरी पुढच्या वायरमनला शोध कुठून सुरू करायचा ते कळेल.