टाळे अमेरिकेचे आणि टाळे आपले



२०२५ साली अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला आली. तिच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या केंद्र सरकारला टाळे लागले. त्या आठवड्याच्या रविवारी आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त पुंगोल येथे एकत्र जमलो होतो. बुद्धवंदना झाली, भाषणे झाली आणि जेवणाच्या वेळी जिकडेतिकडे एकच विषय निघाला. आपल्यापैकी ज्यांची मुले-मुली अमेरिकेत पीएच्.डी. करीत आहेत, त्या आई-वडिलांच्या तोंडचे पाणी पळाले होते. ती चिंता रास्तच होती. परंतु त्याच वेळी एक वडीलधारे गृहस्थ जे बोलले, ते माझ्या मनात आजही सलते आहे. ते म्हणाले, “अहो, अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रातही संशोधनाचा पैसा अडतो. मग आपली पोरे अभ्यास सोडून आझाद मैदानावर कशाला जाऊन बसतात? पैसा काय, आज ना उद्या मिळतोच.” अनेकांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो. त्या वेळी जे बोलावयास हवे होते, ते आज येथे लिहीत आहे.

प्रथम अमेरिकेचे टाळे म्हणजे काय ते पाहू. त्या देशाचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत तेथील काँग्रेसने विनियोजनाची बारा विधेयके, किंवा निदान तात्पुरत्या खर्चाचे एखादे विधेयक, संमत केले नाही, तर सरकारी खात्यांना कायद्यानेच खर्च करता येत नाही. अत्यावश्यक सेवा तेवढ्या चालू राहतात. बाकीचे कर्मचारी घरी बसतात. १९९५-९६ च्या हिवाळ्यात असे २१ दिवस गेले, २०१३ साली १६ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, आणि २०२५ साली ४३ दिवस. हे शेवटचे टाळे तोवरच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ होते. ते १२ नोव्हेंबरला निघाले.

या काळात विद्यापीठांतील संशोधन एका क्षणात ठप्प होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. ज्या प्रकल्पाचे अनुदान आधीच मंजूर झालेले असते, त्याचे पैसे विद्यापीठाला बहुधा काढता येतात. अडते ते पुढचे. ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ आणि ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ या संस्था नवी अनुदाने देऊ शकत नाहीत. प्रस्तावांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठका पुढे ढकलल्या जातात. मुदतवाढीच्या कागदावर ज्याने सही करावयाची, तो अधिकारी घरी असतो. २०१३ साली तर अंटार्क्टिकावरील अमेरिकी केंद्रांतले त्या हंगामाचे काम आवरते घेण्याचा आदेश निघाला होता. तेथे एक हंगाम हुकला की वर्ष हुकते. ज्या विद्यापीठांपाशी गडगंज ठेवी आहेत, ती असा खड्डा स्वतःच्या पैशाने बुजवितात. लहान विद्यापीठांना ते जमत नाही, आणि परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाच्या अटींमुळे बाहेर चार पैसे मिळविण्याचीही मोकळीक नसते.

याहूनही गंभीर प्रकार त्याच वर्षी मार्चमध्ये घडला होता. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याची सुमारे ४० कोटी डॉलरची केंद्रीय अनुदाने व कंत्राटे सरकारने रद्द केली. ते अर्थसंकल्पाचे टाळे नव्हते. तो राजकीय दट्ट्या होता. जुलैत विद्यापीठाने २० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, तेव्हा कोठे बहुतेक अनुदानांचा मार्ग मोकळा झाला.

इतके सांगितल्यावरही एक गोष्ट अमेरिकेच्या पदरात टाकावी लागते. तेथले टाळे उघड असते. ते कोणत्या दिवशी लागले हे साऱ्या जगाला कळते, वर्तमानपत्रे दिवस मोजतात, आणि टाळे निघाल्यावर सरकारी कर्मचाऱ्याचा बुडालेला पगार २०१९ च्या कायद्यानुसार त्याला द्यावाच लागतो. संशोधक विद्यार्थ्याला मात्र त्या कायद्याचे संरक्षण नाही, हेही येथेच नमूद करतो.

आता आपण ज्या देशात राहतो त्याकडे वळू. सिंगापूरमध्ये असे टाळे लागणे जवळजवळ अशक्य आहे. येथील राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षांनी खर्चाच्या विधेयकास संमती नाकारली, तरी संसदेला ठराव करून मागील वर्षाच्या एकूण खर्चाइतकी रक्कम मंजूर करता येते. संशोधनाचा पैसा तर येथे पाच-पाच वर्षांचा एकदम जाहीर होतो. १९९१ सालच्या पहिल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान योजनेत २ अब्ज डॉलर होते; २०२१ ते २०२५ या योजनेसाठी २५ अब्ज ठरविले होते; आणि २०२६ ते २०३० साठी ३७ अब्ज जाहीर झाले आहेत. आपली जी मुले येथील विद्यापीठांत संशोधन करतात, त्यांना पुढच्या महिन्याच्या विद्यावेतनाची काळजी वाहावी लागत नाही. (हा देश फुकट काही देत नाही, हेही खरे. सरकारी शुल्क-अनुदान घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला येथे तीन वर्षे नोकरी करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते.) आपण या व्यवस्थेला इतके सरावलो आहोत की पैसा न मिळणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतून पुसले गेले आहे. त्या गृहस्थांचे उद्गार या विस्मरणातूनच आले, असे माझे मत आहे.

भारतात काय आहे? भारतीय संविधानाच्या ११६ व्या अनुच्छेदात लेखानुदानाची तरतूद आहे. अर्थसंकल्प वेळेत संमत झाला नाही, तरी लोकसभा काही काळाचा खर्च आगाऊ मंजूर करू शकते. म्हणजे अमेरिकेसारखे सरकार बंद पडू नये, याची सोय घटनेतच करून ठेवलेली आहे. मग प्रश्न असा की, जेथे सरकारला टाळे लागत नाही, तेथे आमच्याच मुलांच्या अधिछात्रवृत्तीला टाळे कसे लागते?

२०२३ साली पुण्याच्या ‘बार्टी’चे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे, संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसले होते. ते चैनीसाठी बसले नव्हते. पीएच्.डी.साठी नोंदणी झालेली आणि अधिछात्रवृत्तीचा पत्ता नाही, अशी त्यांची गत होती. २०२४ साली निम्मीच रक्कम देण्याची भाषा झाली, तेव्हा पुन्हा आंदोलन करावे लागले. निम्म्या पैशात प्रबंधाची निम्मी प्रकरणे लिहावीत, अशी अपेक्षा होती काय?

केंद्राचीही तीच तऱ्हा. मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बौद्धांसह सहा अल्पसंख्याक समाजांसाठी होती. इतर योजनांशी ती परस्परव्याप्त होते, असे कारण सांगून डिसेंबर २०२२ मध्ये ती बंद केल्याचे लोकसभेत जाहीर झाले. १९५४ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी २०२५ साली १०६ उमेदवार निवडले गेले. परंतु जुलैच्या आरंभी हंगामी पत्रे हाती पडली ती केवळ ४० जणांच्या. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील, असे कळविण्यात आले. सप्टेंबरात परदेशी विद्यापीठाचे सत्र सुरू होणार, व्हिसासाठी पैशाचा पुरावा दाखवावयाचा, आणि हातात ‘झाल्यास’ हा एक शब्द! त्याच शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली आणखी एक अट घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय परदेशात जाऊन घ्यावयाचे नाहीत. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमाखाली त्या विषयाचा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत आला असता.

या टाळ्यांना तारीख नसते. कोणी मंत्री ‘आजपासून बंद’ असे सांगत नाही. ‘फाईल वर गेली आहे’, ‘उपयोगिता प्रमाणपत्र आलेले नाही’, ‘पोर्टल बंद आहे’ इतकेच ऐकू येते. दिवस कोणी मोजत नाही, म्हणून ते दिवस झालेच नाहीत असे धरले जाते.

“पैसा आज ना उद्या मिळतोच.” होय, मिळतो. मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मी तीन वर्षे काढली. जूनची शिष्यवृत्ती मार्चमध्ये येई. खानावळीच्या मालकाने माझे ताट कधी बंद केले नाही, पण वहीत माझे नाव तांबड्या शाईने लिहिलेले असे आणि जेवताना ती वही समोरच उघडी असे. माझा खोलीतला सोबती माझ्याहून हुशार होता. गणितात तो मला शिकवीत असे. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला तो गावी गेला, तो परत आला नाही. ऊसतोडीच्या टोळीकडून त्याच्या वडिलांनी घेतलेली उचल फेडावयाची होती, आणि घरी एक जास्तीचा कोयता हवा होता. मार्चमध्ये सर्वांचे पैसे आले. त्याचेही आले. यादीत त्याच्या नावापुढची सहीची जागा कोरी राहिली. मी पुढे अभियंता झालो, येथे जहाजबांधणीच्या धंद्यात आलो, घर घेतले. मी अधिक लायक होतो म्हणून हे झाले, असे मला कोणी सांगू नये.

आणि ज्यांचे नाव घेऊन आपण एकत्र जमतो, त्यांच्या चरित्रात तरी दुसरे काय आहे? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. १९१६ साली ते लंडनला पोहोचले. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ आणि ‘ग्रेज इन’ येथे प्रवेश घेतला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सुरू झालेले काम टाकून त्यांना परतावे लागले. त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. बडोद्यात राहावयास जागा मिळेना. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली होती. तेवढाच काय तो धागा शिल्लक होता. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्याच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एम्.एस्सी. १९२१ साली झाली, डी.एस्सी. १९२३ साली. एका शिष्यवृत्तीच्या खंडाने ही तीन वर्षे खाल्ली. ती गाठ सुटली ती बाबासाहेबांची असामान्य जिद्द होती म्हणून. प्रत्येक विद्यार्थ्याने असामान्य असावे, असा नियम करता येतो काय?

बाबासाहेबांनी ‘आज ना उद्या’ म्हणून वाट पाहिली नाही. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतेने अर्पण केला आहे. परंतु कृतज्ञता वेगळी आणि हक्क वेगळा, हे त्यांनी पुढे कृतीने दाखविले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असतानाच, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शालांत परीक्षोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एका महाराजाच्या मर्जीवर जे अवलंबून होते, ते सरकारच्या अंदाजपत्रकात आले. आझाद मैदानावरची मुले त्याच गोष्टीची मागणी करीत होती. त्यांना अभ्यासचुकार म्हणणे हे अज्ञान आहे, आणि आपण म्हणणे ही कृतघ्नता आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याने मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या, पावणेदोन लाख रुपयांच्या थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा हिशेब होता. ते पत्र वाचलेल्या माणसाने ‘मिळतोच’ हा शब्द उच्चारू नये.

आपण येथे बसून काय करू शकतो, असे विचाराल. याच भूमीवर १९०५ साली टॅन जियाक किम यांच्या पुढाकाराने व्यापारी समाजाने ८७,०७७ डॉलर जमविले आणि त्यातून वैद्यकीय शाळा उभी राहिली. आजचे राष्ट्रीय विद्यापीठ आपला आरंभ तेथून मानते. १९५४ साली नानयांग विद्यापीठासाठी येथील सायकल-रिक्षावाल्यांनी आपली एका दिवसाची कमाई दिली. आपण त्या रिक्षावाल्यांहून गरीब आहोत काय?

देणगीने हक्काची जागा भरून निघते, असे मात्र मी म्हणत नाही. आपण पैसे दिले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. ती संपू देताही कामा नये. यासाठी माझी सूचना दानाची नाही, उसनवारीची आहे. महाराष्ट्रातील ज्या संशोधक विद्यार्थ्याची अधिछात्रवृत्ती मंजूर होऊन थकली आहे, त्याला आपल्या संस्थेने सहा महिन्यांपर्यंत खानावळ आणि खोलीभाडे भागेल इतकी रक्कम बिनव्याजी द्यावी. थकबाकी आल्यावर त्याने ती परत करावी, म्हणजे पुढच्याला मिळेल. त्याबरोबर एक वही ठेवावी. कोणाची रक्कम कोणत्या तारखेपासून थकली आणि किती दिवस थकली, हे तीत लिहावे, आणि दर तीन महिन्यांनी ती यादी राज्य व केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यांना व खासदारांना धाडावी. अमेरिकेतले दिवस सारे जग मोजते. हे दिवस निदान आपण मोजू.

रक्कम किती असावी, हमी कोणाची घ्यावी, परतफेड बुडाल्यास काय करावे, याचा मसुदा मी खजिनदारांकडे दिला आहे. तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावा. ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी अवश्य करावा. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर पहिल्याने बोलावे, अशी माझी नम्र विनंती आहे.