पायरी कोणी ठरवायची?



प्रवेशाचे दिवस आले की आमच्या कार्यालयात मुलींची ये-जा वाढते. कुणाला घरचे पुढं शिकू देत नसतात, कुणाला शिकू देत असतात पण काय शिकावं ते सुचत नसतं. यंदा जी आली ती यातली कुठलीच नव्हती. ती आमच्याच गटातली कार्यकर्ती. मराठवाड्यातल्या एका बंजारा तांड्यावर वाढलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, गेली पाच वर्षं सल्ला केंद्राचं काम करणारी. तिला एका वर्गाच्या फीसाठी गटाकडून निम्मे पैसे उसने हवे होते. वर्ग कसला, तर सहा महिन्यांचं स्पोकन इंग्लिशचं सर्टिफिकेट.

पैसे देण्याला कुणाची ना नव्हती. मी आपलं सहज विचारलं, "हेच का करतेस?" तर एकेक गोष्ट बाहेर आली.

एका विद्यापीठाच्या भाषा विभागातला एक संशोधक गोरमाटीवर, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेवर, पीएच.डी. करतोय. त्याला भाषा बोलून दाखवणारं माणूस हवं होतं. कुणीतरी हिचं नाव सांगितलं. तीन दिवस ही तिथं बसली. तो विचारी, 'मी पाणी प्याले' कसं म्हणता? 'आम्ही पाणी पीत होतो' कसं म्हणता? 'तिला पाणी पाजलं' कसं? ही सांगे, यंत्रावर सगळं उतरे. दुसऱ्या दिवशी हिनंच त्याला सांगितलं की तुम्ही ही दोन वाक्यं एकाच अर्थाची धरलीत, पण आमची याडी त्यातलं एक फक्त पाहुण्यांसमोर वापरते. तो खूष झाला, वहीत टिपून घेतलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना हिनं तिथल्या सरांना विचारलं, "सर, मला इथं शिकता येईल का?" सर म्हणाले, "तुम्ही आधी एखादं स्पोकन इंग्लिशचं सर्टिफिकेट करा, मग बघू."

सर वाईट माणूस नसणार. हिच्या भल्याचंच सांगतोय असं त्यांना मनापासून वाटलंही असेल. पण ज्या भाषेवर त्यांच्या विभागात पीएच.डी. होते, ती भाषा जिच्या तोंडात आहे, जिनं संशोधकाची चूक दाखवली, तिला पहिल्या पायरीच्याही खालची पायरी दाखवली गेली. आणि तिनं ती मुकाट्यानं मान्य केली. मला राग आला तो या दुसऱ्या गोष्टीचा.

आपल्याकडं एक समज पक्का आहे की भाषाविज्ञान म्हणजे पुष्कळ भाषा येणं, नाहीतर शुद्धलेखन. दोन्ही खरं नाही. भाषाविज्ञान म्हणजे भाषा कशी चालते ते तपासणं. तोंडातून ध्वनी कसे निघतात, शब्दाची रूपं कशी होतात, वाक्य कसं बांधलं जातं, अर्थ कुठून येतो, कोण कुणाशी कसं बोलतं. साधी भाकरीच घ्या. 'ती भाकरी करते', 'तो भाकरी करतो'. इथं क्रियापद करणाऱ्याच्या मागं जातं. पण काल केली म्हटलं की 'तिनं भाकरी केली', 'त्यानं भाकरी केली'. आता क्रियापद भाकरीच्या मागं गेलं, करणारी बाई की पुरुष त्याला सोयरसुतक नाही. बरं, 'तिनं' म्हणताना 'नं' लागतो, 'मी भाकरी केली' म्हणताना का लागत नाही? जन्मभर आपण हे बिनचूक बोलतो आणि नियम विचारला तर सांगता येत नाही. तो शोधून काढायचा, हे ते शास्त्र. (आमच्या कार्यालयात त्या दिवशी तासभर सगळ्या जणी भाकऱ्याच करत होत्या, आणि पुरुषाला भाकरी करायला लावणारी वाक्यं बनवताना हसून हसून पुरेवाट झाली.)

या शास्त्रात बायकांच्या कामाचं किती आहे ते पाहा. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. शहरातल्या बाई त्यावर लाल रेघ मारतात, मुलगी वर्गात तोंड उघडायची बंद होते. भाषाविज्ञान रेघ मारत नाही. ते म्हणतं, इथल्या बोलीत प्रथमपुरुषी रूपात बाई-पुरुष भेद नाही, एवढं नोंदवा आणि पुढं चला. कोकणीत तरुण मुलीविषयी बोलताना 'तें' म्हणतात, नपुंसकलिंगी, आणि वयानं मोठ्या बाईला 'ती'. हे असं का, ते कधी बदलतं, लग्नानं की वयानं, कोण बदलतं? यावर कुणी बाहेरच्यानं येऊन लिहिण्यापेक्षा त्या घरातली मुलगी लिहील तर काय काय हाती लागेल!

आणि आपल्या चळवळीचा तर भाषेशी जुना संबंध आहे. १९७९ साली मथुरा प्रकरणाच्या निकालानंतर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्राचा एक कणा असा होता की मुकाट सोसणं म्हणजे संमती नव्हे. दोन शब्दांमधला फरक! तेवढ्यासाठी देशभर बायका रस्त्यावर आल्या. आजही ठाण्यात किंवा कोर्टात बाई तिच्या बोलीत एक सांगते आणि कागदावर प्रमाण मराठीत दुसरंच उतरतं, हे सल्ला केंद्रात बसणारीला वेगळं सांगायला नको. 'त्यानं मला धरलं' याचे बोलीबोलीत अर्थ वेगळे असतात. असं असताना भाषेचं शास्त्र शिकलेल्या कार्यकर्त्या आपल्यात किती? बोटं मोजायला एक हातही लागत नाही.

आता पायरीविषयी. सगळा घोटाळा इथंच होतो.

विद्यापीठात भाषा शिकायचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक भाषा शिकण्याचा. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी वगैरे भाषांचे वर्ग चालतात. आधी प्रमाणपत्र, मग पदविका, मग प्रगत पदविका, अशी ती शिडी. दुसरा रस्ता भाषेविषयी शिकण्याचा. डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञानाचं एम.ए. होतं. त्याला पदवी कोणत्या विषयातली हे आडवं येत नाही. इतिहास, वाणिज्य, विज्ञान, काहीही चालतं. हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक होतं? आमच्या बैठकीत तेराजणी होत्या. एकीलाच ठाऊक होतं, तेही तिची नणंद तिथं शिकली म्हणून. पहिल्या रस्त्याची पायरी दुसऱ्या रस्त्याला लावून मोकळं व्हायचं, हेच त्या सरांनी केलं.

पहिल्या रस्त्यावरसुद्धा पायरी म्हणजे एकच एक गोष्ट नसते. युरोपीय परिषदेनं २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या, ए१ ते सी२. जर्मन-फ्रेंचच्या परीक्षा आता त्याच धरून होतात. त्यात ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं यांचं वर्णन वेगवेगळं केलंय. म्हणजे एकच बाई बोलण्यात वरच्या पायरीवर आणि लिहिण्यात पहिल्या पायरीवर असू शकते. जपानीच्या एन५ ते एन१ या परीक्षांत तर बोलण्याची चाचणीच नसते. एन३ पास झालेली मुलगी दुभाषा म्हणून उभी राहील असं समजू नये, आणि जपानी घरात चार वर्षं काम करून फडाफडा बोलणारीला 'तुला काही येत नाही' असंही म्हणू नये. दोघींच्या पायऱ्या निराळ्या.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवत होत्या आणि तिथंच इंग्रजी, गणित शिकत होत्या. एकाच इमारतीत एका खोलीत बाई, दुसऱ्या खोलीत विद्यार्थिनी. यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटला तो धर्मगुरूंना, तोही या विचारानं की उद्या ही हिंदी बाई पुरुषांना शिकवेल! पुढं याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या वेळी त्या तरुण नव्हत्या, अंगावर मुक्ती मिशनचा संसार होता.

आपल्या मुलींची पायरी मात्र बहुतेक वेळा भाषेवरून ठरतच नाही. बॅच किती वाजता सुटते, शेवटची बस किती वाजता आहे, भावाच्या कॉलेजची फी भरून काय उरलं, यावरून ठरते. 'सर्टिफिकेट पुरे की, एक वर्षाचं आहे, मग लग्नाचं बघू.' २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पदवी आता वर्षावर्षानं सोडता येईल अशी केलीय. एक वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षानं ऑनर्स. सोडून गेलेल्याला परत येता येईल असंही त्यात आहे. कागदावर चांगलं दिसतं. पण ज्या घरात स्थळ येण्याची वाट पाहिली जाते, तिथं पहिल्या वर्षाचं दार हे येण्याचं कमी आणि जाण्याचं जास्त ठरणार. आधी मुलगी शिक्षण 'अर्धवट सोडून' जायची, आता 'प्रमाणपत्र घेऊन' जाईल. हातात कागद असल्यानं कुणाला बोचणारही नाही. परत येणाऱ्या मुली किती, हे आपल्या गटांनी आपापल्या गावात मोजायला लागा. मला त्या आकड्याची धास्ती आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. मी स्वतः काही वर्षांपूर्वी जर्मन शिकायला गेले तेव्हा 'मला संस्कृत येतं, मला काय अवघड' या तोऱ्यात पहिली पायरी टाळून दुसऱ्या वर्गात जाऊन बसले. ओळखीनं बसले, हेही कबूल करते. संस्कृतच्या विभक्तींनी जर्मनच्या विभक्ती समजायला मदत झाली, पण समोरच्यानं रस्ता विचारला तर उत्तर देता येईना. वर्गातली एकोणीस वर्षांची पोरं बोलत आणि मी वही उघडून बसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलेच नाही. फी बुडाली ती बुडालीच. तेव्हा मी कुणालाही 'उंच उडी मार' असा सल्ला देणार नाही. जिथं जायचं तिथली जुनी प्रश्नपत्रिका मागून घ्या. अभ्यासक्रमाचा कागद मागा, तो देणं त्यांचं कामच आहे. प्रवेशाआधी चाचणी असेल तर भिऊ नका, चाचणी आपल्या बाजूची असते. ती नसते तेव्हाच समोरचा माणूस आपल्या कपड्यांवरून आणि उच्चारांवरून पायरी ठरवतो. आणि एका वर्गात बसून पाहू द्या म्हणावं. बहुतेक मास्तर नाही म्हणत नाहीत.

आता आमच्या या मैत्रिणीचं. तिची खरी अडचण काय, ते आम्ही दोघींनी बसून काढलं. भाषाविज्ञानाची पुस्तकं मुख्यतः इंग्रजीत. मराठीत काही चांगली आहेत, पण एम.ए.चा अभ्यास तेवढ्यावर भागत नाही. म्हणजे इंग्रजी हवंच, सर तेवढं बरोबर बोलले. पण कुठलं इंग्रजी? हॉटेलात टेबल कसं मागावं, मुलाखतीत हसून नमस्कार कसा करावा, हे त्या सर्टिफिकेटात शिकवतात. तिला हवंय ते वाचायचं इंग्रजी. दहा पानांचा लेख शब्दकोश घेऊन चार दिवसांत संपवता येणं, पुढच्या महिन्यात तोच दोन दिवसांत. बोलण्यातल्या अडखळण्याचं नंतर बघता येईल. त्याला सहा महिन्यांची फी लागत नाही, कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

तिनं म्हटलं, "ताई, पण एम.ए.ला बसले आणि नाही जमलं तर तांड्यावर सगळे हसतील." मी म्हटलं, हसतील. मी जर्मन सोडलं तेव्हा मलाही हसले. तिला ते फारसं पटलं नाही, आणि बरोबरच आहे. मी हरले तर एक बाई हरली. ती हरली तर 'त्यांच्यातल्या बाईला कुठं जमणार' असं म्हणणारे टपलेले आहेत. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, त्या दिवशी गटातही कुणाकडं नव्हतं.

चार दिवसांनी ती आली ती एम.ए.चा अर्ज भरूनच. गटानं उसने द्यायचे ठरवलेल्या पैशांतून एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि अर्जाची फी भागली. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सल्ला केंद्र बंद झाल्यावर तास-दीड तास इंग्रजी वाचन चालतं. सध्या चारजणी बसतात. तुमच्या गावात असं काही सुरू करणार असाल तर आम्ही वाचायला घेतलेल्या लेखांच्या झेरॉक्स पाठवू, टपालखर्च तेवढा कळवा.

जाता जाता एक. त्या संशोधकाचा परवा पुन्हा फोन आला, अजून काही वाक्यं राहिलीत, दोन दिवस याल का म्हणून. ती म्हणाली, येते, पण आधीच्या तीन दिवसांचं जे उतरवून घेतलंत त्याची एक प्रत मला द्या, मला अभ्यासाला लागणार आहे. तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही.