विश्लेषण : विश्वासू ड्रायव्हरच जेव्हा चोरवाट ठरतो

वाराणसी : ब्रह्मा घाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्यास आहेत. देशातील इतर घरांप्रमाणे येथील वाड्यांतही बँक व्यवहार आणि महत्त्वाची कागदपत्रे आता संगणकावर आली आहेत. त्यामुळे विंडोजमधील ‘ड्रायव्हर’चा तांत्रिक वाटणारा प्रश्न थेट घराशी येऊन भिडतो.

ड्रायव्हर म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि कार्यप्रणाली यांना जोडणारा दुवा. तो कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, सर्वोच्च अधिकारांनिशी चालतो. पंख्याचा वेग किंवा प्रोसेसरचे तापमान दाखवणारी काही साधने यासाठी थेट मेमरीपर्यंत पोहोचणारे ड्रायव्हर वापरतात. अशा ड्रायव्हरने समोरच्याची ओळख न पडताळता आज्ञा पाळली, तर साध्या प्रोग्रामलाही संपूर्ण संगणकाचा ताबा मिळू शकतो.

‘विनरिंगझिरो’ हे याचे ठळक उदाहरण. त्यातील त्रुटी २०२० मध्येच नोंदवली गेली होती. तरीही ‘फॅन कंट्रोल’सारखी लोकप्रिय साधने तो वापरत राहिली. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने तो धोकादायक ठरवून रोखण्यास सुरुवात केली, तेव्हा अनेकांची साधने बंद पडली.

धोका काल्पनिक नाही. २०२० मध्ये ‘रॉबिनहूड’ या खंडणीखोर प्रणालीने गिगाबाइट कंपनीचा अधिकृत स्वाक्षरी असलेला जुना ड्रायव्हर सोबत आणून सुरक्षा सॉफ्टवेअर निकामी केले. म्हणजेच पीडिताच्या संगणकावर तो ड्रायव्हर आधीपासून असण्याचीही गरज नव्हती. स्वाक्षरी निर्माता कोण हे सांगते. ड्रायव्हर निर्दोष असल्याची हमी देत नाही.

पेच मात्र खरा आहे. सरसकट बंदी घातल्यास प्रामाणिक साधनेही थांबतात आणि नव्या ड्रायव्हरच्या प्रमाणीकरणाचा खर्च लहान विकासकांना पेलवत नाही. अशा वेळी वापरकर्ता सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये त्या ड्रायव्हरला सूट देतो आणि नेमके तेच हल्लेखोराच्या पथ्यावर पडते.

विंडोज ११ मध्ये सदोष ड्रायव्हरची प्रतिबंधक यादी २०२२ च्या अद्यतनापासून मुळातच सुरू असते. ती बंद न करणे, अनावश्यक साधने काढून टाकणे आणि इशारा आल्यास सूट देण्याऐवजी साधनाची सुधारित आवृत्ती शोधणे, हे घरगुती वापरकर्त्याच्या हाती आहे. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. मात्र सदोष ड्रायव्हर वेळीच मागे घेण्याची जबाबदारी निर्मात्यांचीच असून, ती ग्राहकाच्या दक्षतेवर ढकलता येणार नाही.