रॅलीचा खेळ आणि स्कूटरची किल्ली

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हणजे लसीकरण, स्तनपान किंवा परीक्षेचा ताण, असा एक अलिखित संकेत आहे. संपादक मंडळाची क्षमा मागून या वेळी मी तो मोडतो आहे. माझा विषय आहे संगणकावर खेळावयाचा, मोटारींच्या रॅलीचा एक खेळ. अशा खेळांविषयी आपण डॉक्टर मंडळी पालकांना जो सरधोपट सल्ला देतो तो शास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत सर्वांना पटेल अशी अपेक्षा नाही. परंतु निदान चर्चा व्हावी.

आई दवाखान्यात येते आणि सांगते, ‘डॉक्टर, हा सारखा गेम खेळतो.’ आपण मान हलवितो आणि म्हणतो, ‘बंद करा.’ संपली तपासणी! ‘ताप येतो’ एवढ्याच वाक्यावर कोणी अँटिबायोटिक लिहून दिले तर आपणच त्या व्यवसायबंधूला नावे ठेवतो. ताप किती, कधीपासून, थंडी वाजून येतो का, हे विचारल्याशिवाय आपली लेखणी उचलत नाही. मग ‘गेम’ या शब्दापाशीच आपली जिज्ञासा का थांबावी?

काही काळापूर्वी दहावीतला एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. वडिलांची तक्रार मोठी चमत्कारिक होती. मुलगा नवनवे खेळ मागत नव्हता, पैसे मागत नव्हता, पडद्यावर कोणाला मारीतही नव्हता. तो पाच-सहा मिनिटांचा एकच रस्ता महिनोन् महिने पुन्हा पुन्हा चालवीत होता. ‘वेड लागलंय याला,’ वडील म्हणाले. मी मुलाला विचारले, एकच रस्ता का? तो शांतपणे म्हणाला, ‘डॉक्टर, अजून तो मला येत नाही.’

बेळगावच्या मातीत वाढलेल्या माणसाला हे उत्तर परके वाटू नये. वर्षभर एकच भूप घोटणाऱ्या शिष्याला आपण वेडा म्हणत नाही, त्याच्या गुरूला नमस्कार करतो. मुलाची झोप, वजन, शाळेतील प्रगती, मित्रमंडळी यांची नीट चौकशी केली. चिंता करावी असे काही आढळले नाही. मग तो खेळ मी स्वतः समजून घेतला आणि गेले वर्षभर अधूनमधून खेळतो आहे. (घरातून यावर जी टीका झाली ती येथे देत नाही.)

खेळाचे नाव ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. 2004 साली वॉरथॉग या कंपनीने तो तयार केला. ती कंपनी फार काळ टिकली नाही. परंतु खेळ टिकला. वीस वर्षे उलटून गेल्यावरही जगभरातील हौशी मंडळी त्याला नवे रस्ते, नव्या गाड्या जोडीत आहेत. चित्रे आजच्या मानाने साधी. मग लोक त्याला धरून का बसले आहेत? कारण त्यातील गाडी खऱ्या गाडीप्रमाणे वागते, निदान तसे वागण्याचा फार प्रामाणिक प्रयत्न करते. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि तेव्हाच ती चाके वळण धरतात. वळणाच्या मध्यावर घाबरून एकदम पाय काढला तर वजन मागून सुटते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. खडीवर, डांबरावर, बर्फावर टायरची पकड निरनिराळी. गाडी झाडावर आपटली तर ती मोडते आणि मोडलेलीच राहते; क्षणभर मागे जाऊन चूक पुसून टाकण्याची सोय त्यात नाही. खड्ड्यात अडकलात तर मदत मागता येते, पण तिची किंमत वेळेच्या दंडाने मोजावी लागते. आरंभी एक प्रशिक्षण शाळा आहे. ती टाळून जो थेट रस्त्यावर उतरतो तो तिसऱ्या वळणाच्या आत झाडीत असतो. नवशिक्यांपैकी बहुतेक जण वेग वाढवून पाहतात आणि हरतात. हळूहळू उमगते की, ब्रेक आधी लावणारा पुढे जातो.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. रॅलीत चालकाच्या शेजारी सहचालक असतो. स्पर्धेपूर्वी दोघे तो रस्ता सावकाश पाहून घेतात आणि टिपणे काढतात: वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढच्या वळणापर्यंत किती मीटर, कोठे चढ आला की पलीकडचे दिसणार नाही, कोठे आतली बाजू कापू नये. स्पर्धेत सहचालक ती वाचतो आणि चालक डोळ्यांनी जेवढे पाहतो तेवढेच कानांनी ऐकतो. या खेळातील सहचालकाचा आवाज बर्न्सचा खराखुरा सहचालक रॉबर्ट रीड याचा आहे. त्याचे ऐकले नाही तर गाडी रस्त्यावर राहत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा शेजारच्या मोठ्या माणसाचे शब्द न् शब्द कान देऊन ऐकतो आहे, असे दृश्य आपल्यापैकी कितीजणांनी आपल्या घरात पाहिले आहे?

ज्याचे नाव या खेळाला दिले आहे त्याची हकिकत वैद्यकीय वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. रिचर्ड बर्न्स 2001 साली जागतिक रॅली विजेता झाला, तो मान मिळविणारा पहिला इंग्रज. नोव्हेंबर 2003 मध्ये, अजिंक्यपदाच्या शर्यतीत असतानाच, वेल्समधील अखेरच्या स्पर्धेला जाताना चालत्या गाडीत त्याची शुद्ध हरपली. शेजारी एस्टोनियाचा स्पर्धक मार्को मार्टिन बसला होता, म्हणून अनर्थ टळला. तपासणीत मेंदूतील ॲस्ट्रोसायटोमा निघाला. 2004 च्या उन्हाळ्यात हा खेळ बाजारात आला तेव्हा बर्न्स आजारी होता, आणि 25 नोव्हेंबर 2005 रोजी, अजिंक्यपद मिळविले त्या दिवसाला बरोबर चार वर्षे होत असताना, तो गेला. वय अवघे 34. त्याच वर्षी सप्टेंबरात, वेल्समधील त्याच स्पर्धेत मार्को मार्टिनची गाडी झाडावर आदळली आणि त्याचा सहचालक मायकेल पार्क ठार झाला. निष्णात चालक, मजबूत पिंजरा, शिरस्त्राण, पट्टे, सारे काही असताना. मार्टिनने त्यानंतर जागतिक मालिकेतील पूर्णवेळ स्पर्धा सोडली.

पडद्यावरच्या झाडाची आणि या झाडाची तुलना मी मुद्दाम करतो आहे. कारण खेळाची बाजू घेताना त्याची मर्यादा झाकणे मला मान्य नाही. पडद्यावरचा रस्ता बंद रस्ता असतो. समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही, शाळा सुटत नाही. शिवाय शरीराला काहीच कळत नाही: डोळे सांगतात की आपण वेगाने वळलो आणि अंतर्कर्ण सांगतो की आपण खुर्चीतच आहोत. या विसंवादाने काहींना पहिल्या दहा मिनिटांतच मळमळू लागते, हे कान-नाक-घसा विभागाच्या मित्रांना सांगावयास नको. परंतु पोटात गोळा येणे, पायाला कंप सुटणे, ही जी भीतीची खरी शिकवण, ती खुर्चीत मिळत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ रॅली चालू असताना स्पर्धेसाठी बंद केलेल्या मार्गावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तिघे मृत्युमुखी पडले. खराखुरा ‘बंद’ रस्तासुद्धा आपल्या देशात एवढाच बंद असतो. तेव्हा खेळात पहिला आलेला मुलगा चोर्ला घाटात गाडी चालविण्यास लायक झाला, असे कोणी समजू नये. मी तर म्हणेन, नेमके त्याच मुलाला हे बजावून सांगितले पाहिजे.

आणि येथेच माझा पालकांवर खरा राग आहे. घरातल्या संगणकावर मोटार चालविणाऱ्या मुलाला व्यसनी ठरवून माझ्याकडे आणणारे कित्येक पालक दवाखान्याच्या दाराशी त्याच मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देतात. ‘क्लासला जायला सोयीचं पडतं हो.’ आठवी-नववीतल्या मुली-मुलांचे तिघा-तिघांचे जथे विनाशिरस्त्राण संध्याकाळी शिकवणीहून परतताना आपण रोज पाहतो. 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद केली. किती पालकांना हे ठाऊक आहे, हे मी माझ्या ओपीडीत विचारत असतो. बहुतेकांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह असते. पडद्याची भीती आणि रस्त्याची बेफिकिरी ज्या घरात एकत्र नांदते, त्या घराला ‘गेम बंद करा’ हा सल्ला देऊन आपण नेमके कोणाचे रक्षण करतो?

कोणी म्हणेल, मग व्यसन हा प्रकारच नाही काय? आहे, आणि तो गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराला स्थान मिळाले आहे आणि ते 2022 पासून लागू झाले. परंतु त्याची व्याख्या वाचा: खेळण्यावर ताबा नसणे, इतर सर्व गोष्टींपुढे खेळाला प्राधान्य, नुकसान दिसत असूनही ते चालूच ठेवणे, आणि हे सारे सर्वसाधारणपणे बारा महिने. तासांचा उल्लेख त्यात नाही. भारतीय बालरोग अकादमीनेही दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, दोन ते पाचला एक तासाच्या आत, पाच ते दहाला दोन तासांच्या आत, असे सांगितल्यावर त्यापुढच्या मुलांसाठी मात्र झोप, अभ्यास, मैदान यांच्याशी तोल राखण्याचा आग्रह धरला. कारण किशोरवयात केवळ घड्याळ पाहून निदान होत नाही. ज्या खेळात रोज हजेरी लावल्याशिवाय बक्षीस बुडते, जो कधी संपतच नाही, जो दर पायरीला पालकांचे कार्ड मागतो, तो खेळ मुलाला धरून ठेवण्यासाठीच घडविलेला असतो. रॅलीचा रस्ता संपतो. शेवटी एक आकडा येतो; आज कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी. मुलाला हाक मारली तर तो पुढच्या पाच मिनिटांत उठू शकतो. हा फरक आपण विचारून घेतला नाही तर पालकांना तो कळणार कसा? रात्री अकरानंतर मात्र हा खेळही बंद, हे मी निक्षून सांगतो. झोपेच्या बाबतीत माझ्याकडे सवलत नाही.

आपली संघटना दरवर्षी मुलांचे शिबिर घेते आणि त्यात रस्ता सुरक्षेवर व्याख्यान ठेवते. व्याख्यान देणारा बहुधा मीच असतो, त्यामुळे ते किती मुले ऐकतात हे मला अधिकारवाणीने सांगता येईल. माझी सूचना अशी: या वर्षी व्याख्यान रद्द करून सभागृहात एक संगणक, एक स्टिअरिंग चाक आणि दोन खुर्च्या मांडाव्यात. एका खुर्चीत मूल बसेल. दुसऱ्या खुर्चीत त्याचे वडील किंवा आई, हातात छापील टिपणे घेऊन; खेळातील सहचालकाचा आवाज त्या वेळी बंद ठेवावा. वाचणाऱ्याला घाई करता येणार नाही, ओरडता येणार नाही, आणि मोबाइल खिशात ठेवावा लागेल. दारापाशी एका टेबलावर कायद्यातील त्या कलमाची मराठी प्रत ठेवून प्रत्येक पालकाची ती वाचल्याची सही घ्यावी. स्टिअरिंग चाक विकत घ्यावे की भाड्याने आणावे, एवढे खजिनदारांनी पुढील सभेत सांगावे.