रंगभूमीवर उभे राहू पाहणाऱ्या सीमाभागातील मुलांनी काय वाचावे?

दरवर्षी निकालाचे दिवस आले की आमच्याकडे एखाददुसरा मुलगा किंवा मुलगी येते आणि जरा चाचरतच विचारते, "काका, नाटकातच राहायचं आहे. वाचू काय?" गेल्या खेपेस आलेल्या तरुणाने प्रश्नाबरोबर एक कागदही आणला होता. कुठल्याशा अभिनय शिबिरात मिळालेली ती पुस्तकांची यादी होती आणि तीत एकही मराठी नाव नव्हते. शिबिरातील मार्गदर्शकांनी त्याला वर एक सल्लाही दिला होता : तुझ्या मराठीला कानडी हेल आहे, तो आधी घालव, काही दिवस कानडी कानावर पडू देऊ नकोस. खानापूर तालुक्यातल्या मुलाने कानडी कानावर पडू द्यायचे नाही, तर बाजारात जाताना कानांत बोळे घालायचे की काय, हे त्यांनी सांगितले नव्हते. पण मुलाने सल्ला मनावर घेतला होता. तो घरातही जपून बोलू लागला होता आणि आईच्या बोलण्याची त्याला लाज वाटू लागली होती. त्या कागदाला आमचे उत्तर म्हणून हे लिहीत आहोत.

पहिले पुस्तक म्हणून आम्ही त्याच्या हाती गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' ठेवले. ऑर्थर मर्फी या लेखकाच्या एका इंग्रजी प्रहसनावरून ते बेतलेले आहे आणि त्या प्रहसनाच्याही मागे मोलियेर उभा आहे. तरीही फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या तोंडचे एकही वाक्य उसने वाटत नाही. एक तसबीर चुकीच्या हाती पडते आणि तेवढ्या खुंटीवर सगळा गोंधळ टांगला जातो. नाटकाची बांधणी म्हणजे काय, हे समजण्यास याहून सोपा पाठ आम्हांस ठाऊक नाही. मात्र ते मनातल्या मनात वाचू नये. तिघाचौघांनी बसून मोठ्याने वाचावे. देवलांचे गद्य जिभेवर आले की श्वास कोठे घ्यावा हे वाक्यच सांगते. त्यानंतर 'शारदा' (१८९९) वाचावे, आणि मग एकदम तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) घ्यावे. देवलांकडे वाक्य पूर्ण होते, तेंडुलकरांकडे ते मध्येच तुटते आणि तुटलेल्या जागी पात्र दिसते. ही दोन टोके ज्याच्या कानात बसली त्याला मधली वाट आपोआप सापडते.

देवलांचे नाव प्रथम घेण्यास आणखीही एक कारण आहे. ते सांगलीजवळच्या हरिपूरचे. पण शिकले बेळगावात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली. स्वतः अण्णासाहेब आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून ज्या माणसाने संगीत नाटकाची घडी बसविली, त्याच्या पदांच्या चालींत कर्नाटकी चालीही होत्या. त्याही आधी, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या एका भागवत मंडळीच्या खेळांची प्रेरणा होती. पुढे मराठी नाटक मंडळ्या हुबळी-धारवाडकडे जाऊ लागल्या. त्यांचा पगडा पाहून गदगच्या शांतकवींनी कानडीत नाटके लिहावयास घेतली आणि तेथली कंपनी-रंगभूमी उभी राहिली. कुंदगोळचा कानडी घरातला रामभाऊ मराठी रंगभूमीवर गाऊन 'सवाई गंधर्व' झाला. तेव्हा कानडी हेल हे मराठी रंगभूमीवरचे परके पाऊल आहे असे म्हणणाऱ्याने प्रथम या रंगभूमीचा इतिहास वाचावा. श्री. ना. बनहट्टींचा 'मराठी रंगभूमीचा इतिहास' त्यासाठी पुरेसा आहे.

आता आमच्याच काही सहकाऱ्यांना रुचणार नाही असे लिहितो. सीमाभागातील ज्या मुलाला रंगभूमीवर जगायचे आहे, त्याने कानडी नाटके कानडीतूनच वाचावीत. चंद्रशेखर कंबार हे बेळगाव जिल्ह्यातील घोडगेरीचे. त्यांचे 'जोकुमारस्वामी' ज्या बोलीत आहे ती बंगळुरूची पुस्तकी कानडी नव्हे. ती आपल्या आठवडी बाजारात, एस. टी. थांब्यावर, शेताच्या बांधावर ऐकू येणारी उत्तरेकडची कानडी आहे. पुण्यामुंबईच्या नटाला तिचा स्वाद अनुवादातूनही मिळणे कठीण; आपल्या मुलाला तो फुकट मिळालेला आहे. गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' तेंडुलकरांनी आणि 'हयवदन' चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणले. 'नागमंडल' आणि 'तलेदंड' हे उमा कुलकर्णींनी मराठीत आणले, आणि त्या तर जन्माने बेळगावच्याच. मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून एकेक प्रवेश वाचावा. कानडीतले एखादे क्रियापद मराठीत येताना अनुवादकाने कोठे वळण घेतले, कोठे हार मानली, हे ज्याला कळते त्याला संवाद म्हणजे काय ते कळले. एवढा अभ्यास एखाद्या नाट्यविद्यालयात एका वर्षात होत नाही.

कोणी म्हणेल, मराठी शाळा, मराठी फलक, मराठीतील कागदपत्रे यांसाठी भांडणाऱ्यांनीच हे सांगावे? होय, आम्हीच सांगावे. आमचे भांडण आमच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे, यासाठी आहे. त्याने दुसरी भाषा शिकू नये यासाठी आम्ही कधीही भांडलो नाही. कानडीची सक्ती नाकारणे आणि कंबार वाचणे यांत आम्हांस विरोध दिसत नाही. उलट व्यवसायाच्या दृष्टीनेही पाहावे. के. व्ही. सुब्बण्णांनी हेग्गोडूला उभे केलेले नीनासम् सीमाभागातील मुलाला दिल्लीपेक्षा जवळ आहे. तेथे कानडी आली तर दार उघडे, नाही तर बंद. हे दार आपणच का लावून घ्यावे?

बोलीचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' या मुलांनी अवश्य वाचावे. त्यात वऱ्हाडी बोलणारे घर आहे आणि त्या घरात मुंबईची सून येते. दोन मराठींमधील अंतरातूनच नाते, पैसा, मान-अपमान हे सारे बाहेर पडते. तेथे कोणाची मराठी शुद्ध हा प्रश्नच उद्भवत नाही. हे आजचेच नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे स्वतंत्र भाषाविधान आहे, आणि संस्कृत नाटकांत शौरसेनी बोलणारी नायिका गाते मात्र महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे आमच्या भाषेची पूर्वज रंगमंचावर आली ती इतर भाषांच्या शेजारी उभी राहूनच. नटाला प्रमाण मराठी स्वच्छ बोलता आली पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठी रोज घसा आणि जीभ झिजवावी लागते. पण एक भाषा मिळविण्यासाठी दुसरी पुसून टाकावी लागत नाही. रंगमंचावर प्रमाण भाषा आणि घरी आईची बोली, असे दोन सदरे नटाजवळ असावेत. एकच असेल तर तो नेहमी एकाच भूमिकेचा धनी होईल.

पोटापाण्याचा भाग तंत्राच्या पुस्तकांतून कळत नाही. तो नटांच्या आत्मचरित्रांत आहे. चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' हे आमच्या मते या सर्वांत पहिल्या पंक्तीचे. दीनानाथ मंगेशकरांसह ज्यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, त्यांपैकी ते एक. मंडळी चालविणे म्हणजे काय, माणसे कशी जमतात आणि कशी फुटतात, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' त्याच्या जोडीला वाचावे. बालगंधर्वांच्या मंडळीचे वैभव आणि तिचे कर्ज या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडे पहिली गोष्ट गायली जाते आणि दुसरी कुजबुजली जाते. नव्या काळासाठी डॉ. श्रीराम लागूंचे 'लमाण' आहे. कान-नाक-घशाचा शल्यविशारद असलेला माणूस चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट होतो, यात नोकरी सोडावी की सोडू नये याविषयी घाईचे उत्तर नाही, आणि म्हणूनच ते वाचावे. बडोद्यात जन्मलेल्या विजया मेहतांचे 'झिम्मा' दिग्दर्शनाकडे ओढा असणाऱ्यांसाठी. तालीम कशी वाढत जाते हे त्यात दिसते.

सिद्धान्ताची पुस्तके आम्ही जाणून मागे ठेवली आहेत. स्तानिस्लाव्स्कीचे पुस्तक के. नारायण काळ्यांनी 'अभिनय साधना' या नावाने मराठीत आणले आहे. एक-दोन भूमिका करून झाल्यावर ते घ्यावे, त्याआधी ते नुसते शब्द देते. रसविचारासाठी र. पं. कंगल्यांचे 'रस-भावविचार' कठीण आहे, पण सावकाश वाचणाऱ्याला निराश करीत नाही.

इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी कंबारांच्या जागी मोहन राकेशांचे 'आषाढ का एक दिन' ठेवावे, म्हणजे आमचे म्हणणे त्यांना तसेच लागू होईल. बडोद्याला गुजराती आहे, हैदराबादला तेलुगू आणि उर्दू. गोव्यातील मुलांना तर काही सांगण्याची आवश्यकता नाही. देवळाच्या जत्रेत मराठी नाटक आणि घरी कोंकणी, हे त्यांच्या अंगवळणीच पडलेले आहे.

राहता राहिली एक अडचण, आणि ती साधी नाही. वर नावे घेतलेल्यांपैकी कित्येक जुनी पुस्तके दुकानांत मागितली तर विक्रेता मान हलवितो. ती सापडतात वाचनालयांत. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. निपाणी, खानापूर, कारवारकडेही जुनी वाचनालये आहेत. पण तेथील नाटकांच्या कपाटांशी कोणी फारसे फिरकत नाही, आणि न फिरणारे पुस्तक एक दिवस बाद पुस्तकांच्या गठ्ठ्यात जाते. आमच्याकडे आलेल्या त्या तरुणाने आता चार मित्र जमविले आहेत. 'संशयकल्लोळ' संपले असून ते 'जोकुमारस्वामी' वाचू लागले आहेत. कानडी अक्षरे त्यांपैकी दोघांनाच सफाईने वाचता येतात, बाकीचे ऐकतात. त्यांना 'बहुरूपी' हवे आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या कपाटात ते असेल, त्यांनी रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी आम्हांस कळवावे. आम्ही येऊन घेऊन जाऊ.