नायक आवडलाच पाहिजे का?

मागील वर्षी एका पालकांनी मला विचारले, "सर, ज्या कादंबरीचा नायक परीक्षेत नापास होतो, बापाचे पैसे उडवतो, ती मुलांच्या हाती कशाला देता? त्यातून त्यांनी काय घ्यायचे?" त्यांचा रोख भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'कडे होता. पोटाला चिमटा घेऊन मुलाला वसतिगृहात ठेवणाऱ्या बापाचा तो प्रश्न होता; त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे द्यायला हवे.

मीही वसतिगृहातच वाढलो. 1963 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हा पांडुरंग सांगवीकराचा मला इतका संताप आला, की पुस्तक मी अर्ध्यावरच मिटले. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा घरच्या कष्टाचे मोल जाणत नाही, असे वाटले. पुढे काही वर्षांनी ते पुन्हा हाती घेतले आणि त्या संतापाचे मूळ सापडले. वडिलांनी मजुरीतून पाठवलेल्या एका मनिऑर्डरीतून मी सिनेमा पाहिला होता आणि वह्या घेतल्या असे घरी कळवले होते. पांडुरंगाने मला माझे ते पत्र आठवून दिले. हाच बेफिकीर वाटणारा मुलगा धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूने आतून कोसळतो. लेखकाने त्याला आधीपासून गुणी रंगवले असते, तर ते दुःख मला इतके खरे वाटले नसते.

त्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेचा नायक जात लपवून परगावी राहतो, लोकांचा स्नेह मिळवतो. सद्गुणांच्या तराजूत तोलले तर तो खोटे बोलणारा ठरेल. परंतु वाचक त्याला दोष देऊन थांबत नाही. हे खोटे बोलण्याची पाळी या माणसावर कोणी आणली, असे तो विचारू लागतो.

आपल्या समाजाची साहित्यात दीर्घकाळ उपेक्षा आणि कुचेष्टा झाली. त्यामुळे आपला माणूस तरी पुस्तकात निष्कलंक दिसावा, ही इच्छा मला समजते. तरीही ती मला मान्य नाही. भिणे, चिडणे, चुकणे हा माणूसपणाचाच भाग आहे. आपल्याच पात्रांना तो हक्क नाकारणे म्हणजे त्यांना पुन्हा एकदा अपुरे माणूस ठरवणे होय.

याचा अर्थ आदर्श निरुपयोगी आहेत, असा नव्हे. घर सोडून आलेल्या लहान मुलाला 'श्यामची आई' हवीच. पण तेथेही पोहण्याच्या भीतीने लपून बसणारा श्याम आपल्याला अधिक जवळचा वाटतो. उलट, केवळ धक्का देण्यासाठी रंगवलेला दुष्टपणाही निर्जीवच असतो. पात्र आवडते की नाही, यापेक्षा लेखकाने त्याला किती समजून घेतले आहे, यावर कथेचा आनंद अवलंबून असतो.

त्या पालकांना मी इतकेच सुचवले: मुलगा सुट्टीत घरी आला, की नायक चांगला होता का, असे विचारू नका, तो तसा का वागला, असे विचारा. कदाचित त्या ओघात तो स्वतःविषयीही काही सांगेल. माझ्या वडिलांना ते पत्र खोटे होते हे मला कधीच सांगता आले नाही.